मदत हवी आहे: यूपीएस चालू, मॉनिटर चालू, पण कॉम्प्युटर एकदम बंद पडतोय

वडगावची विणकर

नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावात वडगावला. पुढच्या सोप्यात यंत्रमाग, आतल्या खोलीत कॉम्प्युटर. त्याच्यावर मी साड्यांच्या काठापदराची डिझाईनं करते, संध्याकाळी मुलगी अभ्यासाला बसते. गेले काही आठवडे हा कॉम्प्युटर चालता चालता एकदम बंद पडतोय. निळा स्क्रीन नाही, मेसेज नाही, पंख्याचा आवाजच थांबतो. बटण दाबलं की लगेच परत चालू होतो. कधी दुपारभर नीट चालतो, कधी पाठोपाठ बंद पडतो.

एका दुकानात दाखवला. त्यांनी विंडोज नवीन टाकून दिली, मग रॅम बदलली, आता म्हणतात मदरबोर्ड गेलाय. मदरबोर्ड बदलायचा तर आमचा जुना प्रोसेसर नव्या बोर्डात बसत नाही, रॅमही वेगळी लागते. म्हणजे सगळंच नवीन घेतल्यासारखं. सणाच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. पदराचं एक डिझाईन अर्ध्यात असताना बंद पडला, ती फाईल आता उघडतच नाही. दोन दिवस डोळे फोडून भरलेलं काम होतं हो ते. नुसत्या अंदाजावर एवढा पैसा घालायला मन धजत नाही. नक्की दोष कशात आहे ते घरी कसं ओळखायचं, कुणी सांगाल का?

निपाणीकर

ताई, आधी उष्णता बघा. आमच्याकडं तंबाखूची धूळ, तुमच्याकडं सुताची लव, दोन्ही कॉम्प्युटरच्या वैरीच. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, तिथं लव साचून गादी तयार होते आणि हवा जातच नाही. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ गेला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून वीज तोडतो. 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू मॉनिटर' हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका आणि काम करताना आकडा बघत राहा. उष्णतेनं बंद पडला असेल तर परत चालू केल्यावर आधीपेक्षा लवकर बंद पडतो.

वडगावची विणकर

दादा, बघितलं. डिझाईनचं जड काम चालू असताना ६८ ते ७४ अंश. बाजूचं झाकण काढलं तर आत खरंच पांढरी गादी होती, ब्लोअरनं साफ केली. आकडा १० अंशांनी उतरला, पण बंद पडायचा तो पडतोच आहे.

लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. बंद पडायच्या क्षणी यूपीएसमधून 'टक्' असा आवाज येतो. आणि मॉनिटर बंद होत नाही, 'नो सिग्नल' दाखवत राहतो. मॉनिटरही त्याच यूपीएसवर आहे. रात्री माग बंद असले की सहसा काही होत नाही.

अनगोळचा हार्डवेअरवाला

वहिनी, तुम्ही तो 'टक्' ऐकलात हे फार बरं झालं. अर्धं निदान त्यातच आहे.

घरगुती यूपीएस एरवी लाईनचीच वीज पुढं सोडतो. व्होल्टेज पडलं की आतला रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, बॅटरीवर उडी घेतो, तोच तो आवाज. या उडीत काही मिलिसेकंद वीज तुटते. तेवढा वेळ कॉम्प्युटरला तगवायचं काम एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) मोठ्या कपॅसिटरचं, तो थोडी वीज साठवून ठेवतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही १५-१६ मिलिसेकंद धरून ठेवतो. कपॅसिटर म्हातारा झाला की त्याचा साठा आटतो, आणि त्या उडीतच मशीन पडतं. मॉनिटरला वीज थोडी लागते म्हणून तो तगतो. यूपीएसची बॅटरीच मेली असती तर मॉनिटरही बंद पडला असता.

आता मागाचं. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. घरचा माग असो की शेजारचा, त्या क्षणी व्होल्टेज बसतं आणि यूपीएस उडी घेतो. रात्री माग नाहीत म्हणून उडी नाही, उडी नाही म्हणून बंद पडणं नाही.

खात्री अशी करा. सगळ्या फाईली सेव्ह करून बंद करा. कॉम्प्युटरवर एखादं जड काम लावा, आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. मॉनिटर चालू राहून कॉम्प्युटर पडला तर संशय एसएमपीएसवर. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'सिस्टिम' लॉग उघडा. 'कर्नल-पॉवर ४१' अशी, मशीन नीट बंद न होता पडल्याची नोंद असेल. तिच्या तपशिलात बगचेक कोड ० असेल तर विंडोज कोसळलेली नाही, बहुतेक वीजच तुटली. कोड दुसरा काही असता तर रॅम, ड्रायव्हर यांच्याकडं बघायला लागलं असतं.

वडगावची विणकर

स्विच बंद करताच पडला, मॉनिटर चालू राहिला. जड काम नसताना परत केलं तर तगला! नोंदी पण सापडल्या, ओळीनं ४१, सगळीकडं कोड ०. म्हणजे विंडोज आणि रॅमवर घातलेला पैसा फुकट गेला म्हणायचा. बघून वाईट वाटलं.

अनगोळचा हार्डवेअरवाला

तर मग मदरबोर्डला हात लावू नका. एखाद्याचा चालू एसएमपीएस मागून आणा, तो लावून हीच परीक्षा परत करा. तगला तर नवीन घ्या. पेटीवरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. अगदी हलका, बारीक वायरीचा, '४५० वॉट' लिहिलेला एसएमपीएस बऱ्याचदा नावापुरताच असतो. आणि दुकानदाराला तुमचा यूपीएस कुठला ते सांगा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी वेव्ह देतात, ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज नीट ओढायची सोय) असलेल्या काही एसएमपीएसना ती पचत नाही, मग नवीन घेऊनही तीच रड.

जुना घरी उघडू नका. प्लग काढला तरी त्या कपॅसिटरात तीनशेच्या वर व्होल्ट बसून असू शकतात.

खानापूरचा वायरमन

एसएमपीएस बदलला तरी लाईनचं दुखणं राहणारच, ते पण करून घ्या. मागाच्या बोर्डावरून कॉम्प्युटरला वायर ओढली असेल तर ती तोडून मीटरपासून वेगळी लाईन घ्या, तीन फेज असतील तर दुसऱ्या फेजवर. अर्थिंग आणि न्यूट्रलमध्ये किती व्होल्ट येतात ते वायरमनकडून मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असतील तर अर्थिंग किंवा न्यूट्रलचा जोड तपासायला पाहिजे. आमच्याकडं पावसात झाडाच्या फांद्या तारांना लागून दिवसभर व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा ढिला न्यूट्रल किती घरांतल्या वस्तू खातो ते मी बघितलंय.

वडगावची विणकर

भावोजींच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस आणून लावला. स्विच बंद केला, 'टक्' झालं, कॉम्प्युटर चालूच! मग मुद्दाम दोन्ही माग एकदम सुरू करायला सांगितले, तरी चालू. सगळ्यांचे मनापासून आभार, मोठ्या खर्चातून वाचवलंत.

वेगळ्या लाईनसाठी वायरमन रविवारी येणार आहेत. आता एकच राहिलंय: ती न उघडणारी डिझाईनची फाईल. आकार तेवढाच दिसतो, पण सॉफ्टवेअर 'फाईल खराब' म्हणतं. काही करता येईल का?

निपाणीकर

त्या फोल्डरमध्ये त्याच नावाची, शेवटी 'बॅक' किंवा 'टेम्प' असलेली फाईल आहे का बघा. बरीच डिझाईन सॉफ्टवेअरं आधीची प्रत ठेवतात. मूळ फाईलवर काही करू नका, आधी पेनड्राईव्हवर कॉपी घ्या, आणि सॉफ्टवेअरचं नाव इथं टाका.