मदत हवी आहे: मारुती ८००चं गिअर ऑइल गळतंय, घरी दुरुस्त होईल का?

नमस्कार मंडळी,

गाडी २००४ची मारुती ८००, चार गिअरवाली, वडिलांची. दुसऱ्यांदा पासिंग करून आणली आहे, त्यामुळे विकायचा प्रश्न नाही. वडील अजून रोज मंडईत घेऊन जातात.

दोन महिन्यांपासून पार्किंगमध्ये पुढच्या डाव्या चाकाच्या जरा आतल्या बाजूला तेलाचे डाग पडतायत. आधी एसीचं पाणी असेल म्हणून दुर्लक्ष केलं. मग लक्षात आलं की आमच्या गाडीला एसीच नाही! आता रात्रभरात तळहाताएवढा डाग होतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा तोंडी समज दिली आहे.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून वरूनच टॉर्च मारला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सगळे सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) टाकू, उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्या." साडेसहा हजार सांगितले. गाडी जॅकवर घेऊन खालून पाहिलीसुद्धा नाही, हे मला खटकलं.

माझा अंदाज असा. पॉवर स्टीअरिंग या गाडीत नाही, क्लच वायरवर चालतो, म्हणजे ती दोन तेलं बाद. ब्रेक ऑइलची बाटली महिनाभर त्याच खुणेवर आहे. इंजिन ऑइलची दांडी रोज बघतो, पातळी हलत नाही. राहिलं गिअर ऑइल. गिअर टाकताना आवाज नाही, फक्त सकाळी पहिला गिअर थोडा जड पडतो.

मी इंजिन ऑइल आणि मागचे ब्रेक शू घरी बदलले आहेत, त्यापलीकडे अनुभव नाही. गोटी पान्यांचा सेट, टामी, गाडीसोबतचा जॅक एवढं आहे. हे काम घरी जमेल का? आणि गिअरबॉक्स खरंच उतरवावा लागतो का?

लोखंडी_पाना:
उतरवायचा की नाही हे थेंब कुठून पडतो त्यावर आहे. गळती शोधल्याशिवाय एकही नट सोडू नका.

आधी वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. रंग मधासारखा आणि बोटाला चिकट. इंजिन ऑइल काळं आणि पातळ असतं. मग डिझेल आणि जुन्या ब्रशने गिअरबॉक्स खालून स्वच्छ धुवा, कापडाने कोरडा पुसा, वीसेक किलोमीटर फिरवून आणा आणि खाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे आहे ते बघा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर बोट फिरवून सगळ्यात वरची ओली जागा शोधा. तेल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळते ती जागा वेगळी असते.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून, म्हणजे बेल हाउसिंगच्या खालून तेल येत असेल तर गॅरेजवाला बरोबर आहे. ते एकतर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून आत येणाऱ्या दांड्याचं) सील, आणि दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. पण एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे ओलं असेल, तर ते बाहेरचं सील आहे. गिअरबॉक्स न हलवता बदलतं.

नुसतावाचक:
ड्रेन प्लगचा वायसर पण बघा राव. माझ्या गाडीला दहा रुपयांच्या वायसरसाठी सील बदलून झाले होते.

प्रश्नकर्ता:
रविवारी धुतला, फिरवला. वास अगदी तुम्ही म्हणता तसा. बेल हाउसिंग आणि ड्रेन प्लग कोरडे. डाव्या एक्सलच्या मुळाशी गोल ओलं कडं आहे आणि तिथूनच थेंब खाली उतरतो. सुटलो म्हणायचं का?

कऱ्हाडकर:
अर्धे सुटलात. आता काम नीट करा.

सगळ्यात आधी जॅकबद्दल. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही. दोन लोखंडी स्टँड भाड्याने आणा. विटा रचू नका, वीट सांगून फुटत नाही. पार्किंगमध्ये शहाबादी असेल तर खाली जाड फळी घ्या, पोकळ फरशी जॅकखाली तडकते. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा.

ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. काढताना निघतं, पण वरचा प्लग गंजून बसलेला असला तर गाडी जागच्या जागी अडकते. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं ठीक आहे. हाताला टोचणारे तुकडे दिसले तर मात्र काम थांबवा आणि मला फोटो दाखवा.

चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) सोडवला की चाकाचा भाग बाहेर ओढता येतो. एक्सलला धरून ओढायचं नाही, आतला जॉइंट त्याच्या रबरी बुटामध्येच निसटतो. गिअरबॉक्स आणि जॉइंट यांच्या फटीत टामी घालून एक झटका द्या, आत सर्कलिप (अडकवून ठेवणारी तारेची रिंग) असते ती सुटते. उजवीकडचा एक्सल त्याच वेळी काढू नका, काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही निघाले की आतले गिअर जागा सोडतात.

जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरने ॲल्युमिनियमच्या भिंतीला ओरखडा पडला तर नवीन सीलही गळणार. सीलवर मापं छापलेली असतात, ती वाचून जुनं सोबत घेऊनच दुकानात जा. डावं-उजवं वेगळं असू शकतं. बसवताना सीलच्या ओठाला (दांड्यावर टेकणाऱ्या आतल्या कडेला) ग्रीस लावा आणि सीलच्या बाहेरच्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने सगळीकडून हळूहळू ठोका. एक्सलवर सील घासून खाच पडली असेल तर नवीन सील मिलिमीटरभर कमी आत बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो.

लोखंडी_पाना:
भर घालतो. गिअरबॉक्सच्या वर हवेचं एक छोटं टोपण असतं, ब्रीदर. त्यात चिखल बसला की गरम झाल्यावर आतली हवा कोंडते आणि तेल सीलमधून वाट काढते. नवीन सील टाकून ब्रीदर तसाच ठेवलात तर सहा महिन्यांनी पुन्हा इथेच धागा काढाल.

आणि दुकानदार "नव्वद नंबर" म्हणून जे हातात देईल ते घेऊ नका. डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) बघा. जीएल-५मधल्या गंधकाने पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) खराब होऊ शकतात.

प्रश्नकर्ता:
झालं! शनिवार दुपारी सुरू केलं, रात्री आठला चाक लावलं. गॅरेजवाला दीड तासात करेल, पण असो. बॉल जॉइंटने दोन तास खाल्ले, गंजाचा स्प्रे मारून चहा पिऊन आलो तेव्हा हलला. सील हाताने दाबलं तर प्लॅस्टिकसारखं कडक झालेलं. ब्रीदर शब्दशः मातीने लिंपलेला होता, पिनेने मोकळा केला.

एक चूक झाली. गाडी पुढून उचललेली असतानाच ऑइल भरलं आणि भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं म्हणून खूश झालो. वडील म्हणाले, गाडी तिरकी आहे ना? सपाट उभी केल्यावर बरंच जास्तीचं बाहेर आलं. खर्च सील, वायसर आणि ऑइल मिळून हजाराच्या आत, स्टँडचं भाडं वेगळं. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्यालाच दिलं, त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दहा दिवस झाले, पुठ्ठा कोरडा आहे. फक्त उजव्या एक्सलच्या मुळाशी हलकासा ओलसरपणा दिसतोय. तेही सील आताच बदलू का?

कऱ्हाडकर:
पुसून घ्या आणि महिन्याने बघा. ब्रीदर मोकळा झाल्यावर नुसता ओलसरपणा पुष्कळदा तिथेच थांबतो. थेंब पडायला लागला तर बदला. स्टँड मात्र परत देण्याऐवजी विकतच घ्या.

प्रश्नकर्ता:
घेतले. बाबांच्या पैशाने.