मदत हवी आहे: फ्लरूसच्या लढाईचे सेनापती कोण?

सायली_के: फ्लरूसच्या लढाईत दोन्हीकडचे सेनापती कोण होते? एका पुस्तकात फ्रेंचांकडून मार्शल लक्झेंबर्ग दिलाय, दुसऱ्यात जूर्दां. उद्या तक्ता द्यायचाय, लवकर सांगा प्लीज.

गडवाट: साल कुठलं? तिथे एकाहून जास्त लढाया झाल्यात. लक्झेंबर्ग १६९० चा, चौदाव्या लुईचा सेनापती.

सायली_के: फ्रेंच राज्यक्रांतीतली हो, ऑस्ट्रियाविरुद्धची.

तोफखाना: मग नेपोलियनच असणार.

गडवाट: नाही. तो तेव्हा इटलीच्या आघाडीवर तोफखान्यात होता. ही लढाई २६ जून १७९४ ची, आजच्या बेल्जियममधली. फ्रेंचांकडे जनरल जूर्दां, समोर ऑस्ट्रियाचा साक्स-कोबुर्गचा राजपुत्र योसियास. ही दोन नावं लिहून टाका.

निळी_शाई: फुग्याबद्दल कुणीच कसं बोलत नाही? फ्रेंचांनी दोरांनी बांधलेला हायड्रोजनचा फुगा वर चढवला होता. कुतेल नावाचा फ्रेंच अधिकारी त्यातून शत्रूच्या हालचाली पाहून खाली कळवत होता. लढाई त्यानेच फिरवली.

गडवाट: अजिबात पटत नाही. कोबुर्ग शार्लरवाचा वेढा उठवायला आला होता आणि ते ठाणं आदल्याच दिवशी फ्रेंचांच्या हाती पडलं होतं. ज्यासाठी आला तेच गेलं, म्हणून तो मागे फिरला. त्याआधी फ्रेंचांची उजवी फळी मोडली होती, फ्रेंच जनरल लफेव्रने लांब्यूसार हे गाव कसंबसं धरून ठेवलं. श्रेय द्यायचं तर त्या शिपायांना द्या.

निळी_शाई: पण युद्धात फुगा वापरायची ती सुरुवात होती, ते तक्त्यात यायलाच हवं.

सायली_के: तक्ता फक्त सेनापतींचा आहे! आणि ऑरेंजच्या राजपुत्राचं नाव कुठे टाकू? माझ्या टिपणात तो पण आहे.

गडवाट: तो कोबुर्गच्या हाताखाली. त्यांच्या उजव्या बाजूच्या तुकड्या त्याच्याकडे, डावीकडे बोल्यू. मुख्य रकान्यात कोबुर्गच.

तोफखाना: ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्सही होता ना? त्यानेच १७९६ मध्ये वुर्झबर्गला जूर्दांला हरवलं. खरा मोठा सेनानी तोच.

वाचनवेडा: जूर्दांचं एवढं काय? छावणीत सँ-ज्यूस्त बसलेला असायचा. पॅरिसचा प्रतिनिधी डोक्यावर असताना सेनापती ठरवणार तरी काय!

गडवाट: दबाव होताच, पण रणांगणावरचे हुकूम जूर्दांचे. राखीव तुकड्या योग्य वेळी त्यानेच पुढे काढल्या.

सायली_के: बरं, जूर्दांच्या हाताखालचे कोण, तेवढं सांगा.

गडवाट: डावीकडे क्लेबर, मध्ये शाँपियोने, उजवीकडे मार्सो आणि लफेव्र.