क्लिपरचं ओव्हरसॅम्पलिंग चालू केलं की पीक वर का जातात?

हलगीप्रेमी: मास्टरिंगला (गाण्यावरचा शेवटचा हात) लिमिटरच्या (लेव्हल मर्यादेबाहेर जाऊ न देणारं प्लगिन) आधी क्लिपर (मर्यादेवरचे माथे सरळ कापणारं प्लगिन) लावलाय, सीलिंग म्हणजे कापायची मर्यादा -१ डीबीला, ओव्हरसॅम्पलिंग (प्लगिनने आतल्या आत जास्त सॅम्पल रेटला काम करणं) बंद असलं की पीक बरोबर -१ ला थांबतात पण ४एक्स (चौपट रेट) केलं की मीटर -०.६ वगैरे दाखवतो, हलगीच्या ठोक्यावर तर हमखास. प्लगिन गंडलंय का?

फेडरवाला: गंडलं नाही रे. क्लिपिंग होतं वरच्या रेटला, मग परत सेशनच्या ४४.१ किलोहर्ट्झ रेटला आणताना फिल्टर लागतो, तो वरचे हार्मोनिक्स (क्लिपिंगने तयार झालेले, मूळ सुराच्या पटीतले सूर) उडवतो आणि सपाट झालेला माथा पुन्हा जरा फुगतो. पुढे लिमिटर आहे ना, मग टेन्शन कशाला

नवखा_७: मग बंदच ठेवावं की, सीपीयू पण वाचेल

फेडरवाला: बंद ठेवलं तर क्लिपिंगमधून निघालेला ९ किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक २७ ला जातो, ४४.१ च्या सेशनमधे २२.०५ च्या (रेटच्या निम्म्या) वरचं काही मावत नाही, मग तो उलटा वळून १७.१ ला येऊन बसतो, सुराशी काही देणंघेणं नाही. झांजा असतील तर वरचा भाग खरखरीत होतो

रात्रपाळी: नुसत्या ठोक्यांवर एखादा डीबी क्लिप करायचा असेल तर मला बंदच आवडतं, ठोका कडक राहतो. लेव्हल मॅच करून ऐका मात्र, नाहीतर मोठं तेच भारी वाटतं

हलगीप्रेमी: ओके, झांजा आहेतच, ४एक्स ठेवतो आणि लिमिटरला ट्रू पीक (सॅम्पलच्या मधले पीकही धरणारा मोड) लावतो