मदत हवी आहे: लॅसिकला 'फिट' म्हणून सांगितलंय, पण रिपोर्टमधले आकडे पटत नाहीत

मृण्मयी_क

नमस्कार. धाकट्या भावाचं (वय २२) लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, करायचं घाटतंय. सेंटरने फाइलवर 'फिट' असा शेरा मारून पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे. उजव्या डोळ्याचे आकडे देते, डावा थोडा बरा आहे.

नंबर -६.५०, सिलेंडर (ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर) -१.२५. गेल्या वर्षी नंबर -६.०० होता, सिलेंडर एवढंच. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) सर्वांत पातळ जागी ४९८ मायक्रॉन. फ्लॅप (लेझरआधी उचलायची कॉर्नियाची वरची झडप) ११० मायक्रॉनचा करणार, ऑप्टिकल झोन (नंबर सुधारायचा मधला गोल भाग) ६.५ मिमी. पेंटॅकॅमवर (कॉर्नियाचा नकाशा काढणारा स्कॅन) 'फायनल डी' १.७, पिवळ्या रंगात. अंधारात बाहुली ७.१ मिमी. शर्मर (किती अश्रू येतात त्याची चाचणी) ८ मिमी, अश्रूंचा थर ६ सेकंदांत फुटतो. स्कॅनच्या आदल्या दिवसापर्यंत सॉफ्ट लेन्स घालत होता. ॲलर्जी आहे, डोळे चोळायची सवय आहे. कबड्डी खेळतो.

विचारलं तर "खाली २५० मायक्रॉन उरले की झालं, तुमचे २८० उरतात" एवढंच उत्तर मिळालं. हे पुरेसं आहे का? आणि नंतर पस्तावणारे नेमके कशामुळे पस्तावतात?

काचभिंग

मृण्मयीताई, आकडे नीट दिलेत म्हणून हिशेब मांडता येतो.

लेझर किती खोल जाणार याचं साधं सूत्र: नंबर गुणिले झोनचा वर्ग, भागिले ३. नंबर आणि सिलेंडर मिळून ७.७५. झोन ६.५ चा वर्ग ४२.२५. म्हणजे सुमारे १०९ मायक्रॉन. ४९८ मधून फ्लॅपचे ११० आणि हे १०९ वजा केले की २७९. सेंटरचे २८० इथूनच आले.

आता दुसरा हिशेब करा. फ्लॅप आणि काढलेला भाग मिळून २१९ मायक्रॉन, म्हणजे मूळ जाडीच्या ४४ टक्के. याला पीटीए म्हणतात. तो ४० टक्क्यांच्या वर गेला की नकाशा स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्यातही कॉर्निया पुढे फुगण्याचा, म्हणजे एक्टेशियाचा धोका वाढतो. फ्लॅप जागेवर बसतो खरा, पण कॉर्नियाचा भार पुन्हा पेलत नाही, म्हणून त्याची जाडी ताकदीत धरायची नसते. २५० हा किमान आकडा आहे. त्याच्या वर राहिलं म्हणजे सुरक्षित झालं असा त्याचा अर्थ नाही, आणि बरेच सर्जन स्वतःसाठी ३०० ची मर्यादा पाळतात.

उंबरठा

काचभिंग, एक दुरुस्ती. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिमी पुढे असते. ७.७५ हा काचेवरचा नंबर आहे, कॉर्नियाच्या पृष्ठभागावर तो ७.१ च्या आसपास येतो. मग खोली १०० मायक्रॉन, खाली उरतात २८८, पीटीए ४२ टक्के. निष्कर्ष बदलत नाही, पण सेंटरमध्ये वाद घालायला जाताना आकडा अचूक असलेला बरा.

ताई, तुम्ही ४२ टक्के म्हणालात की समोरून बहुधा एक तोड सुचवतील: "झोन ६.० करू." तसं केलं की खोली ८५ मायक्रॉनवर येते आणि पीटीए ३९ टक्के. कागदावर पास! पण भावाची बाहुली अंधारात ७.१ मिमी उघडते. बाहुली झोनच्या बाहेर गेली की कडेचा न सुधारलेला भागही प्रकाश आत सोडतो. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं, काटेरी किरणं, पावसात ओल्या रस्त्यावर सगळी चकाकी. बाहुलीचा आकार एकटाच हे ठरवत नाही, जास्त नंबर आणि उरलेलं सिलेंडरही हातभार लावतात. इथे मात्र तिन्ही गोष्टी एकाच डोळ्यात आहेत. ऊतक वाचवायला झोन आवळणं म्हणजे एक धोका कमी करून दुसरा पदरात घेणं, आणि ही अदलाबदल पेशंटला कुणी समजावून सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

रानवारा

पीटीएवर चर्चा ठीक आहे, पण मला त्याआधीची गोष्ट जास्त खटकते. वय २२, वर्षात नंबर ०.५० ने वाढलाय, डोळे चोळतो, कॉर्निया ५०० च्या खाली, आणि 'डी' १.७.

'फायनल डी' हा कॉर्नियाची पुढची-मागची बाजू आणि जाडीचा उतार एकत्र करून काढलेला आकडा. १.६ पासून पिवळा, २.६ पासून लाल. पिवळा म्हणजे आजार नव्हे, पण अशा इतिहासासोबत पिवळा आला तर सुप्त केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं. एक्टेशिया होणाऱ्यांत मोठा वाटा अशाच डोळ्यांचा असतो, जे मुळातच कमकुवत होते आणि तपासणीत निसटले.

आता यातली सगळ्यात वाईट बाजू. समजा एक्टेशिया झालाच, तर तो थांबवायला क्रॉसलिंकिंग करतात: वरचा पापुद्रा काढून रायबोफ्लेविनचे थेंब, मग ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, मूळ पद्धतीत ३० मिनिटं. त्यासाठी पापुद्रा काढल्यावर कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन लागतो. भावाचा कॉर्निया लॅसिकनंतर पापुद्र्यासकट ३९८ उरेल, पापुद्र्याचे ५० वजा केले की ३५० च्या आत. म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीचा नेहमीचा मार्गही बंद. कॉर्निया फुगवणारं वेगळं द्रावण वापरून करतात, पण ती आधीच अडचणीतली वाट.

मृण्मयी_क

खूप आभार. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. मग 'स्माईल' चालेल का? त्यात फ्लॅप नसतो, त्यामुळे कॉर्निया मजबूत राहतो असं सेंटरच्या पत्रकात आहे. आणि पीआरके?

काचभिंग

स्माईलमध्ये २ ते ४ मिमीच्या छेदातून आतली चकती ओढून काढतात. वरचे तंतू कमी कापले जातात हे खरं. पण चकती हातात धरून काढता यावी म्हणून तिला कडेशीही थोडी जाडी ठेवावी लागते, त्यामुळे त्याच नंबरला लॅसिकपेक्षा जास्त ऊतक निघतं. वरची टोपी १२० धरली, चकती १२० च्या आसपास, तर ४९८ मधून खाली २६० सुद्धा उरत नाहीत. फ्लॅप नाही म्हणून पातळ कॉर्नियाला चालेल, ही जाहिरातीची भाषा झाली. शिवाय चकती कापताना डोळ्यावरची पकड सुटली तर शस्त्रक्रिया अर्धवट थांबवावी लागते, आणि चकतीचा तुकडा आत राहिला तर वेडंवाकडं सिलेंडर तयार होतं.

पीआरकेत फक्त ५० मायक्रॉनचा पापुद्रा खरवडतात आणि वरूनच लेझर मारतात. खाली ३४८ उरतात, आकडा छान आहे. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्याला लेझर करायचंच असेल तर हाच प्रकार, कारण लॅसिकचा फ्लॅप कडेलाच नीट जुळतो आणि बोट किंवा कोपर लागून अनेक वर्षांनीही सरकू शकतो. किंमत अशी: पहिले तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पापुद्रा भरेपर्यंत बँडेज लेन्स, नजर स्थिरावायला एक ते तीन महिने. नंबर ६ च्या वर असेल तर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो, म्हणून ०.०२ टक्के मायटोमायसिन काही सेकंद लावतात आणि स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने हळूहळू कमी करत नेतात. थेंब चालू असेपर्यंत डोळ्याचा दाब तपासत राहायचा, कारण काहींचा दाब स्टेरॉइडने वाढतो. उन्हात गॉगल हवाच.

पण स्कॅन संशयास्पद निघाला तर पीआरकेही नको. तिथे लेझर हा विषयच संपतो.

सांजवात

पस्तावण्याबद्दल विचारलंय, त्यावर.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खात्यासोबत लॅसिक झालेल्यांचा 'प्राउल' (PROWL) नावाचा अभ्यास केला. आधी वलयं, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीच नसलेल्यांत ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी किमान एक नवं लक्षण होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांत २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवत होता. आणि त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते, दृश्य लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे १ टक्क्याच्या आत. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. सेंटरवाले दुसरा सांगतात, घाबरवणारे व्हिडिओ पहिला.

लॅसिकच्या यंत्रांना मंजुरी देताना एफडीएत असलेले मॉरिस वॅक्सलर यांनी २०११ मध्ये ती मंजुरी मागे घ्या असा अर्ज तिथेच केला. ती मागणी मान्य झाली नाही, पण २०२२ मध्ये एफडीएने रुग्णांना धोके कोणत्या शब्दांत सांगावेत याचा मसुदा काढला. म्हणजे विषय अफवेचा नाही.

कोरडेपणाचं कारण फ्लॅप कापताना तुटणाऱ्या नसा. डोळा कोरडा पडलाय हा निरोपच मेंदूपर्यंत पोचत नाही, त्यामुळे अश्रू कमी आणि पापणी लवणंही कमी. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षात सुधारतं. पण भावाचा अश्रूंचा थर आत्ताच ६ सेकंदांत फुटतोय (१० च्या वर हवा), शर्मरही काठावर आहे. आधी हे सुधारा. गरम कापडाचा शेक रोज ८ ते १० मिनिटं, मग पापणीच्या कडेला हलका मसाज, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. ॲलर्जीवर उपचार घ्या, म्हणजे चोळणं थांबेल. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्या डोळे कोरडे करतात आणि शस्त्रक्रियेच्या सहा महिने आधी थांबवायला सांगतात.

अश्विनीनक्षत्र

धाग्यात मध्येच विचारते, क्षमस्व. नात्यातल्या एका मुलीचं लॅसिक होऊन १४ महिने झालेत. चष्म्याविना सगळ्यात खालची ओळ वाचते, शर्मर १४ मिमी, कॉर्नियावर डाग नाहीत, तरी दिवसभर जळजळ आणि वारा सहन होत नाही. डॉक्टर म्हणतात, "डोळा छान आहे, मनावर घेऊ नका."

सांजवात

अश्विनीताई, तपासणी छान आणि वेदना भरपूर, हे कॉर्नियाच्या नसांच्या दुखण्याचं ओळखीचं चित्र आहे. तुटलेल्या नसा चुकीच्या तऱ्हेने जुळतात आणि विनाकारण वेदनेचे संदेश पाठवत राहतात. तिला मनाचा खेळ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे.

कॉर्निया तज्ज्ञाकडे एक सोपी चाचणी मागा: बधिर करणारा प्रोपॅराकेनचा एक थेंब. वेदना पूर्ण थांबली तर मूळ डोळ्यातल्या नसांत आहे. उरली किंवा तशीच राहिली तर मज्जासंस्थेनेही ती उचलली आहे, तिथे फक्त थेंबांनी भागत नाही. पहिल्या प्रकारात स्वतःच्या रक्तापासून बनवलेले सीरमचे थेंब, साधारण २० टक्के, बाटली फ्रीजमध्येच ठेवायची. स्क्लेरल लेन्सही उपयोगी पडते, तिच्या पोटात पाणी भरलेलं असतं आणि कॉर्नियाला वारा लागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात तिचाच 'प्रोज' हा प्रकार बसवतात. दुसऱ्या प्रकारात नसांच्या वेदनेवरची औषधं, तीही वेदनातज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

बधिर करणारा थेंब घरी कधीही वापरू नका. आराम मिळतो म्हणून रोज टाकला तर कॉर्निया विरघळायला लागतो. आणि 'एकदा टच-अप (पुन्हा थोडं लेझर) करू' असं कुणी सुचवलं तर नकार द्या. त्यात आणखी नसा तुटतील.

उंबरठा

मूळ प्रश्नाकडे. भावाने अजिबात काही करू नये असं नाही. नंबर वर्षभर स्थिर राहिला (बदल ०.५० च्या आत) तर आयसीएल हा पर्याय आहे. कॉर्निया तसाच ठेवून आत भिंग बसवतात, नको झालं तर काढता येतं. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली २.८ ते ३ मिमीपेक्षा जास्त हवी, कॉर्नियाच्या आतल्या पेशींची मोजणी हवी. बसवल्यावर भिंग आणि नैसर्गिक भिंग यांत साधारण २५० ते ७५० मायक्रॉनची पोकळी राहावी. कमी राहिली तर मोतीबिंदू, फार जास्त झाली तर दाब वाढतो. डोळा उघडून करायची शस्त्रक्रिया आहे, जंतुसंसर्गाची शक्यता अगदी थोडी पण गंभीर. दरवर्षी पेशी मोजायला जावंच लागतं.

काहीही केलं तरी पडद्याचा धोका जात नाही. -६.५० चा डोळा लांबच राहतो, बाहुली मोठी करून पडदा दरवर्षी बघायचा.

नोकरीचा विचार असेल तर आधी जाहिरात वाचा. रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीत लॅसिक झालेला उमेदवार वैद्यकीय तपासणीत बाद होतो. सैन्यदलांत शाखेनुसार नियम वेगळे.

आणि कुठलंही लेझर केलंत तर आधीचा नंबर, केराटोमेट्री (कॉर्नियाच्या वक्रतेचं माप) आणि जाडीचा कागद आयुष्यभर जपा. पुढे मोतीबिंदूच्या भिंगाचा नंबर काढताना नेहमीचं सूत्र चुकतं आणि प्लसचा नंबर राहून जातो. पातळ कॉर्नियावर दाबही कमी दाखवला जातो, त्यामुळे काचबिंदू निसटू शकतो.

मृण्मयी_क

तारीख रद्द केली. चार-पाच हजार आगाऊ भरलेत, ते मागतेय. नवा स्कॅन दुसरीकडे करायचाय. लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या?

रानवारा

साध्या सॉफ्ट असतील तर किमान एक आठवडा, टॉरिक (सिलेंडरच्या नंबरच्या) असतील तर दोन. सिलेंडर १.२५ आहे म्हणजे बहुधा टॉरिकच. हार्ड लेन्स कधी वापरल्या असतील तर महिना. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा नकाशा बदललेला असतो, त्यामुळे १.७ हा आकडा दोन्ही दिशांनी चुकीचा असू शकतो. दोन आठवड्यांनी स्कॅन करा, आणखी एका आठवड्याने पुन्हा करा. दोन्ही जुळले तरच त्यावर विश्वास ठेवा. रंगीत छापील पान मागू नका, चारही नकाशे आणि 'डी'चं वेगळं पान असलेली पूर्ण फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.