‘सही झाली आहे ना?’ : कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे अनुभव

सुरक्षिततेचे नियम आपण कोणासाठी पाळतो आणि मोडतो तेव्हा कोणाच्या भरवशावर मोडतो, याविषयी आपापले अनुभव लिहावेत अशी विनंती करताना सुरुवात स्वतःपासूनच करतो. मी यंत्रांच्या देखभालीचे काम करीत असे. दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा तोडून स्विचला कुलूप लावायचे, जितकी माणसे तितकी कुलपे, आणि ज्याची किल्ली त्याच्याच खिशात, हा नियम मला निव्वळ वेळखाऊ वाटे. एकदा आम्ही तिघांत मिळून एकच कुलूप लावले. काम संपले असे समजून सहकाऱ्याने ते काढले आणि माझा हात रोलरजवळ असतानाच पट्टा सुरू झाला. बाही फाटली, हात वाचला. चौकशीत ठपका त्याच्यावर आला. प्रत्यक्षात माझ्या जिवाची राखण मी त्याच्यावर सोपवली होती आणि तसे त्याला सांगितलेही नव्हते.

रसायन प्रकल्पातील एक पर्यवेक्षक :
आमच्याकडे धोक्याच्या कामाच्या परवान्यावर चार सह्या लागत. पहिली सही पाहून दुसरा सही करी, दोन्ही पाहून तिसरा, आणि चौथा मी. झडप खरोखर बंद आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन चौघांपैकी कोणीच पाहिलेले नाही, हे एका गळतीनंतर उघड झाले. १९८८ साली उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ जण दगावले. दुरुस्तीसाठी सुरक्षा झडप काढलेला पंप सुरू करू नये, ही माहिती पाळी बदलताना पुढच्या लोकांपर्यंत पोहोचली नव्हती. प्रशिक्षणात हा प्रसंग मीच इतरांना शिकवीत असे, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

एक परिचारिका :
वापरलेल्या सुयांचा डबा तीनचतुर्थांश भरला की बदलायचा असतो. घाईत आम्ही त्यात आणखी एक सुई कोंबतो. कोंबणाऱ्याला ती सहसा टोचत नाही. टोचते डबा उचलणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याला, आणि त्याचे नावही आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

एक कंत्राटी कामगार :
‘सामायिक जबाबदारी’ हा शब्द ऐकला की मला हसू येते. टाकीत उतरण्यापूर्वी आतील प्राणवायूचे प्रमाण निदान १९.५ टक्के असावे, असे आम्हाला शिकवले होते. त्या दिवशी मोजणीचे उपकरणच नव्हते, म्हणून मी नकार दिला. टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूसही ठरलेला नव्हता, आणि आत कोणी कोसळला तर घाबरून मागोमाग उतरणाराही बहुधा तिथेच पडतो. गंभीर धोक्यातून दूर झालेल्या कामगारावर त्याचे अनुचित परिणाम होऊ नयेत, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात म्हटले आहे. मला दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावले नाही. माझ्या जागी उतरलेला मुलगा सुखरूप बाहेर आला, याचा मला आनंदच झाला; मात्र त्यानंतर मुकादम त्याच्याकडे बोट दाखवून सर्वांना सांगत असे की, बघा, काही झाले का?