बोली ४,२०० ची, बिल ५,३९३ चं. असंच असते का?

वावरवाला (हिंगणघाट तालुका)
भाऊ, मी आजवर नाणी घेतली ती सोनाराकडं मोडीत आलेली. ऑनलाइन लिलाव पहिल्यांदाच. नागपूरकर भोसल्यांचा कटक टाकसाळीचा रुपया, मुघल बादशाह अहमदशाह बहादूरच्या नावाचा, ४,२०० ले सुटला. बायकोले लगेच सांगून मोकळा झालो, बेचाळीसशेत पडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी बिल आलं. लिलाववाल्याचं कमिशन १५ टक्के म्हणजे ६३०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ११३ रुपये ४० पैसे. पॅकिंग, पोस्टेज, विमा ४५०. वरून कुरिअरवाला म्हणे तुमच्या गावात गाडी येत नाई, हिंगणघाटातून घेऊन जा. गेलो तर पाकिटावर मार्करनं 'सिल्वर कॉइन' लिहून! बाजूचा टपरीवाला विचारते, पाटील, किती किलो?

हे कमिशन सगळेच घेतात का मलेच लावलं? आन् कुरिअरचं काय करू?

मोडीवाचक
कमिशन सगळीकडे असतं, टक्केवारी वेगळी. ती लिलावाच्या अटींत लिहिलेली असते. बोली लावली की अटी मान्य केल्या, आता भांडून काही मिळणार नाही. हॅमर प्राइस, म्हणजे ज्या बोलीवर नाणं सुटतं ती, ही आपली किंमत नव्हेच.

मी उलटा हिशोब करतो. खिशातून एकूण ५,००० च जाऊ द्यायचे असतील तर आधी टपालाचे ४५० वजा. राहिले ४,५५०. त्याला १.१७७ ने भागा (१५ टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून १७.७ होतात). ३,८६५ येतात. तिथं हात खाली. काही ठिकाणी नाण्याच्या किमतीवरही जीएसटी धरतात, ते बोलीआधी फोन करून विचारा, मग भागाकार बदलेल.

कपाशी_आणि_कलदार
दादा, कुरिअर सोडा. विमा उतरवून स्पीड पोस्टानं पाठवा म्हणा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच गेलं, पण गावच्या शाखा डाकघरात पार्सल येते, आन् पोस्टमन आपल्याले वळखते.

दुसरं, एकाच लिलावात दोन-तीन नाणी घ्यायची असतील तर एकाच पार्सलात मागवा. मी तीन मागवली, टपाल एकदाच लागलं. पण उघडतानी व्हिडिओ काढजा. माझ्या एका रुपयाच्या पुठ्ठ्याच्या होल्डरले चार पिना ठोकल्या होत्या, त्यातली एक आतल्या बाजूनं वर आलेली. कडेवर पांढरी रेघ, ताजी. व्हिडिओ होता म्हणून पैसे परत आले, टपालाचे सोडून.

वावरवाला
व्हिडिओ नाई काढला राजेहो. नाणं मात्र ठीक हाय, सोनाराच्या काट्यावर तोलून पायलं. अटी आता वाचल्या, कमिशन सहाव्या पानावर होतं. बायकोले अजून बेचाळीसशेच माहीत हाय.