रेडिओ वेधशाळेचे कामकाज सांभाळताना देखभालीचा वेळ कसा राखावा?

प्रश्न : रिसीव्हरवाला

नमस्कार. बारा वर्षे रिसीव्हर विभागात काढल्यानंतर गेल्या चार महिन्यांपासून एका रेडिओ वेधशाळेच्या कामकाजाची आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. अनेक अँटेनांची मालिका आहे, कंट्रोल रूम चोवीस तास चालते आणि यांत्रिक, सर्व्हो (अँटेना फिरवणारी यंत्रणा), रिसीव्हर, डिजिटल व संगणक अशा विभागांत मिळून साठएक माणसे आहेत. प्रकाशीय दुर्बिणीला निदान दिवसा विश्रांती मिळते. आपल्याकडे दिवसाही वेध चालू असल्यामुळे देखभालीसाठी घेतलेला प्रत्येक तास कोणाच्या तरी मंजूर वेधकालातून काढावा लागतो.

आठवड्यातला एक दिवस देखभालीसाठी ठरलेला आहे. परंतु ‘एवढा एकच वेध होऊ द्या’ अशा विनंत्या मान्य करत गेल्याने चार महिन्यांत त्यातला जवळपास निम्मा वेळ मी हातचा घालवला. मासिक अहवालात उपलब्धता ९६ टक्के दिसते आणि वरिष्ठ समाधानी आहेत. यांत्रिक विभागाचे म्हणणे मात्र असे, की यंत्रणा थकत चालली आहे. तिथल्या सर्वांत अनुभवी तंत्रज्ञांनी मागच्या आठवड्यात बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणाले, “दिवसा हात लावू देत नाही आणि बिघडले की रात्री उठवता.” मला त्यांना उत्तर देता आले नाही.

शास्त्रज्ञांचा रोष न ओढवता हा वेळ राखायचा कसा, आणि हे ९६ टक्के खरे मानायचे का?

उत्तर १ : जुना सर्व्होवाला

आधी त्या ९६ टक्क्यांविषयी. मालिकेतील एखादी अँटेना बंद पडली तरी वेध थांबत नाही, म्हणून ‘वेध चालू होता’ एवढेच मोजले तर आकडा नेहमीच देखणा येतो. ३० अँटेना असतील तर त्यांच्या ४३५ जोड्या होतात. तीन बंद असतील तर उरलेल्या २७ अँटेनांच्या ३५१. म्हणजे अँटेना दहा टक्के गेल्या, पण प्रतिमा ज्यांच्यावर बांधायची त्या जोड्या एकोणीस टक्के गेल्या. त्या तीन अँटेना मालिकेच्या भुजांच्या, म्हणजे लांब रांगांच्या, टोकाच्या असतील तर लांब अंतराच्या जोड्या नाहीशा होतात आणि प्रतिमेतला बारकावाच हरवतो. याशिवाय, शीतकरण नीट होत नसल्यामुळे ज्या रिसीव्हरचा गोंगाट वाढला आहे, तोही अहवालात ‘चालू’ म्हणूनच नोंदला जातो. हे आपल्याला मी सांगायला नको. ‘वेध चालू’ हा रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी ‘किती अँटेना, विनिर्देशात (ठरलेल्या दर्जात) बसणाऱ्या’ असा दुसरा रकाना उघडा. वरिष्ठांचे समाधान थोडे कमी होईल, ते होऊ द्यावे.

दुसरे असे, की दुरुस्तीला अपवाद समजणे हीच मूळ चूक आहे. अमेरिकेतील व्हेरी लार्ज अ‍ॅरेमध्ये अँटेना २८ आहेत, पण वेधासाठी २७च वापरल्या जातात. एक आळीपाळीने दुरुस्तीच्या शेडमध्ये असते. तिथे देखभालीसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही, कारण ती वजाबाकी रचनेतच केलेली आहे. आपल्याकडे जादा अँटेना नसेल, तरी ‘एक अँटेना नेहमी बाहेर’ हा नियम वेधकाल वाटण्याआधीच जाहीर करता येतो आणि शास्त्रज्ञ आपले गणित तेवढ्याच अँटेनांवर मांडतात.

आता यांत्रिक विभागाच्या तक्रारीविषयी. अमेरिकेतील ग्रीन बँकची ३०० फुटी दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कोसळली. मुख्य गर्डरमधली एक जोडपट्टी तुटली आणि सगळा सांगाडा खाली आला. १९६२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा काही वर्षांपुरतीच म्हणून बांधलेली होती. चालली मात्र २६ वर्षे. पोर्टो रिकोतील आरेसिबो दुर्बिणीची कथा अधिक बोचरी आहे. तिथे १० ऑगस्ट २०२० रोजी एक पूरक केबल तिच्या सॉकेटमधून निसटली, नोव्हेंबरमध्ये एक मुख्य केबल तुटली आणि १ डिसेंबरला केबलांवर टांगलेला सुमारे ९०० टनांचा मंच तबकडीवर आदळला. नंतरच्या चौकशीत दिसून आले, की केबल सॉकेटमधून सरकत असल्याच्या खुणा आधीपासून डोळ्यांना दिसत होत्या. खूण दिसणे आणि तिच्यामुळे कोणाचा तरी निर्णय बदलणे यांत बरेच अंतर असते, आणि तेवढे अंतर कमी करणे हे माझ्या मते आपल्या पदाचे मुख्य काम आहे.

म्हणून त्या तंत्रज्ञांना बोलावून समजूत घालू नका; त्यांच्याबरोबर अँटेनावर चढा. आमच्याकडे एका तंत्रज्ञाने लॉगबुकात सलग तीन महिने ‘अझिमथ फिरताना आवाज वेगळा’ (अझिमथ म्हणजे अँटेनाची आडवी दिशा) असे लिहिले होते. त्याखाली तीन वेगवेगळ्या सह्या होत्या, आणि कोणीही वर गेलेले नव्हते. शेवटी मी गेलो तेव्हा बेअरिंगमधले ग्रीस त्याने दोन बोटांत चोळून माझ्यासमोर उन्हात धरले; त्यात धातूचा चुरा चमकत होता. त्या दिवसापासून लॉगबुकाच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘कोणी पाहिले, काय ठरले’ असा रकाना आम्ही छापून घेतला आणि तो रिकामा राहिला तर जाब मला विचारायचा, असे ठरवले.

उत्तर २ : रात्रपाळी

मी ऑपरेटर आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. वारा मर्यादेबाहेर गेला, की कोणालाही न विचारता अँटेना स्टो करण्याचा, म्हणजे सुरक्षित स्थितीत नेऊन थांबवण्याचा, अधिकार ऑपरेटरला लेखी द्या. आणि त्याने तो वापरला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीशी उभे राहा. हा दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे. एकदा मी सगळ्या अँटेना स्टो केल्या आणि दहा मिनिटांत वारा पडला. एका पल्सारचे (नियमित स्पंद देणाऱ्या ताऱ्याचे) वेध वाया गेले. सकाळी मला विचारण्यात आले, “इतकी घाई कशाची होती?” कोणी रागावले नाही, शिक्षाही झाली नाही, पण पुढचे कित्येक महिने आमच्यातला प्रत्येक जण वारा वाढला की आधी फोन लावत होता.

तसेच, अँटेनावर माणूस असताना सर्व्होच्या कुलपाची किल्ली त्या माणसाच्याच खिशात असली पाहिजे, कंट्रोल रूममध्ये नव्हे. वेध कितीही मोलाचा असो, किल्ली खाली आल्याशिवाय अँटेना हलणार नाही.

रिसीव्हरवाला

दोघांचेही आभार. एक अडचण उरते. एखाद्या क्षणिक (अचानक उजळून लवकरच मावळणाऱ्या) स्रोताचा स्फोट झाला आणि तो देखभालीच्या दिवशीच झाला, तर नकार कसा द्यावा? माझा निम्मा वेळ तिथेच गेला आहे.

उत्तर ३ : वेधकालवाटप

मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे वेधकाल वाटणाऱ्यांपैकी आहे. क्षणिक स्रोतांसाठी वेधकालवाटपाच्या चक्राच्या सुरुवातीलाच तासांची राखीव पोतडी ठेवा. त्यातले तास देखभालीच्या दिवशी हवे असतील, तर मागणाऱ्याने त्याच आठवड्यात स्वतःच्या मंजूर वेळातून तेवढेच तास परत द्यावेत, असा नियम करा. अनुभव असा, की परतफेड करायची म्हटली, की खरोखर तातडीच्याच विनंत्या उरतात. मात्र तंत्रज्ञ वर चढलेले असतील तर ही सवलतही नसावी. वर ऑपरेटर महोदयांनी किल्लीचे सांगितले आहे, ते अंतिम मानावे.

देखभालीची वेळ निवडताना नक्षत्रकाल (ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून मोजलेली वेळ) पाहावा. प्रत्येक स्रोत रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो, म्हणजे घड्याळातली एकच वेळ पंधरवड्यात आकाशात तासभर पुढे सरकते. आकाशगंगेचे केंद्र डोक्यावर असते त्या तासांना आमच्याकडे सर्वाधिक मागणी असते आणि इतर काही तासांना फारशी नसते. देखभाल दर मंगळवारी सकाळी, असे वर्षभरासाठी ठरवून टाकले तर काही महिने ती नेमकी गर्दीच्या तासांवर येते आणि भांडण ओढवून घेते. सहा महिन्यांचे मागणीचे आलेख आमच्याकडे तयार असतात. ते कोणी मागत नाही, ही वेगळी गोष्ट. क्रेनचे काम अर्थातच दिवसाउजेडीच करावे. कमी वारंवारितेच्या वेधांना दिवसा सूर्य आणि आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) यांचा त्रास होतोच, त्यामुळे ते तास सोडताना आमचा जीव कमी तुटतो.

रिसीव्हरवाला

आलेख मागवले आहेत. पुढच्या चक्राच्या आवाहनात ‘एक अँटेना नेहमी बाहेर’ हे वाक्य जाईल. बदलीचा अर्ज अजून टेबलावरच आहे. अर्जदारांना मी एवढेच विचारले, की पहिली पाळी कोणत्या अँटेनाची लावू? त्यांनी क्षणाचाही विचार न करता नऊ क्रमांक सांगितला. उद्या सकाळी आम्ही दोघे तिथे चढणार आहोत.